‘माझी जन्मठेप’मधील अल्पवयीन बंदी : एक चिकित्सा

१

मराठी गद्यात कारागृहाने जन्मास घातलेले वाङ्मय थोडे नाही. डोंगरीच्या तुरुंगातील १८८२ मधील वास्तव्यावर आगरकरांनी लिहिलेल्या पुस्तकापासून ही परंपरा मोजण्याचा प्रघात आहे. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली, तेव्हा या परंपरेस एक अनपेक्षित वळण मिळाले. तुरुंगात बसून स्वतःचे बालपण आठवणारा प्रौढ बंदी मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला, तो मुख्यतः या पुस्तकामुळे. परंतु ज्याचे कोवळे वयच तुरुंगात, आणि तेही समुद्रापलीकडील तुरुंगात, सरले अशा बंद्याचे काय? असा बंदी मराठी वाङ्मयात कोठे आढळतो, कोणत्या रूपाने आढळतो, आणि त्याच्याविषयी लिहिणारा प्रौढ लेखक त्यास स्वतःचे बोलणे बोलू देतो काय, या प्रश्नांचा विचार अभ्यासकांनी फारसा केलेला दिसत नाही.

या प्रश्नांच्या दृष्टीने विनायक दामोदर सावरकर यांचे ‘माझी जन्मठेप’ हे आत्मकथन सर्वांत महत्त्वाचे ठरते. ते प्रथम लेखमालेच्या रूपाने व १९२७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले, १९३४ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली व पुढे ती उठली. ज्या लेखकास नागपूर विद्यापीठाने १९४३ मध्ये डी. लिट्. ही सन्माननीय पदवी दिली, त्याच्या या ग्रंथाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि बहुतेक लेखन एकतर लेखकाच्या देशभक्तीच्या गौरवाकडे वळते, नाहीतर त्याच्या राजकीय भूमिकेच्या वादाकडे. ग्रंथाच्या पानांतून वावरणारी अल्पवयीन मुले या दोन्ही वाटांच्या मध्ये हरवतात.

प्रस्तुत विवेचनाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ‘माझी जन्मठेप’मध्ये अल्पवयीन बंदी दोन रूपांनी येतो : एकदा वीर म्हणून, व अनेकदा वादाचा विषय म्हणून. पहिल्या रूपात त्याला नाव आहे, हट्ट आहे, शरीर आहे. आणि त्याच्यासमोर लेखकाला स्वतःचा एक सिद्धान्त बाजूस ठेवावा लागला आहे. दुसऱ्या रूपात त्याला बहुधा नाव नाही, आणि तेथे लेखकाचा सिद्धान्त मुलापेक्षा मोठा झाला आहे. ग्रंथाचे खरे वाङ्मयीन बळ व त्याची खरी मर्यादा या दोहोंची खूण या भेदात सापडते.

२

अल्पवयीन कोणाला म्हणावे, हा प्रश्न आधी निकालात काढला पाहिजे. आजच्या कल्पना त्या काळावर लादल्या जात आहेत, असा आक्षेप येथे सहज घेता येईल. सोळा वर्षांचा मुलगा त्या काळी संसारी असू शके, शेतीचे ओझे वाहत असे. मग त्यास मूल का म्हणावे? आक्षेप विचारार्ह आहे. परंतु त्याचे उत्तर त्या काळाच्या कायद्यातच मिळते. १८६० च्या दंडसंहितेने सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा मानले नाही, आणि सात ते बारा या वयात समज कितपत आली आहे हे पाहावे असे सांगितले. १८९७ च्या सुधारगृहविषयक कायद्याने, ज्या गुन्ह्यास काळ्या पाण्याची वा कैदेची शिक्षा आहे असा गुन्हा करणाऱ्या पंधरा वर्षांखालील मुलास ‘बालगुन्हेगार’ ठरवून सुधारगृहात पाठविण्याची सोय केली. म्हणजे बालपण ही कल्पना राज्यकर्त्यांना अपरिचित नव्हती. तिची सीमा त्यांनी पंधराव्या वर्षावर आखली होती, इतकेच. त्या सीमेच्या आत मुलगा सुधारण्याजोगा. सीमा ओलांडली की तोच मुलगा चलानात बसवून अंदमानास पाठविण्याजोगा.

ही रीत केवळ हिंदुस्थानापुरती नव्हती. ब्रिटिशांनी आपल्या देशातील गुन्हेगार मुलेही समुद्रापार पाठविली. व्हॅन डीमेन्स लँडमध्ये, म्हणजे आजच्या टास्मानियात, पोर्ट आर्थरच्या बंदिवसाहतीसमोर पॉइंट प्यूअर येथे १८३४ ते १८४९ या काळात केवळ मुलांसाठी वेगळा तुरुंग होता. तेथे सुतारकाम, चांभारकाम, दगड घडविण्याचे काम शिकवीत व चुकारांना फटके मारीत. या मुलांच्या नोंदवह्यांत त्यांची उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरील गोंदणे व झालेल्या शिक्षा बारकाईने टिपलेल्या आहेत. इतिहासकारांना आज या मुलांची चरित्रे जुळविता येतात ती या नोंदींवरून.

वाङ्मयात मात्र ही मुले निराळ्या रीतीने आली. मार्कस क्लार्क या ऑस्ट्रेलियन कादंबरीकाराच्या ‘हिज नॅचरल लाइफ’ (१८७४) या कादंबरीत पॉइंट प्यूअरची दोन लहान मुले हातांत हात घालून कड्यावरून समुद्रात उडी घेतात. हा प्रसंग गाजला व वाचकांच्या मनात राहिला. परंतु त्यात एक गोष्ट लक्षात येते : कादंबरीकाराला मुलांकडून जे हवे होते ते त्यांचे मरण होते. जिवंत मुलाचे रोजचे तुरुंगातील दिवस त्याच्या उपयोगाचे नव्हते. एकीकडे नोंदवहीत मुलाचे शरीर उरते, दुसरीकडे कादंबरीत मुलाचे मरण उरते. यांच्या मधले जे आयुष्य, ते लिहावे कोणी? आत्मकथनकाराने त्याच तुरुंगात दिवस काढलेले असतात, म्हणून ही अपेक्षा त्याच्याकडून करता येते. या अपेक्षेच्या कसोटीवर ‘माझी जन्मठेप’ पारखून पाहिले पाहिजे.

३

ग्रंथातील ज्या मुलास नाव आहे तो म्हणजे बंगालमधील ननीगोपाल मुखर्जी. २ मार्च १९११ रोजी कलकत्त्यातील डलहौसी स्क्वेअर भागात त्याने एका मोटारीवर बॉम्ब फेकला. गुप्त पोलीस खात्यातील डेनहॅम या अधिकाऱ्याची ती मोटार आहे असे समजून हे कृत्य झाले. प्रत्यक्षात मोटार सार्वजनिक बांधकाम खात्यातील कौली या अधिकाऱ्याची होती. बॉम्ब फुटला नाही. १९१८ च्या राजद्रोह समितीच्या, म्हणजे रौलट समितीच्या, अहवालात बॉम्ब फेकणाऱ्याचे वय सोळा असे नोंदलेले आहे. सुधारगृहाची कायदेशीर सीमा त्याने एका वर्षाने ओलांडली होती. शिक्षा झाली चौदा वर्षे काळ्या पाण्याची, म्हणजे तोवर तो जेवढा जगला होता जवळजवळ तेवढीच.

सावरकर ४ जुलै १९११ रोजी अंदमानास पोचले. त्यांच्यावर दोन जन्मठेपी मिळून पन्नास वर्षांची शिक्षा होती व वय अठ्ठावीस होते. सेल्युलर तुरुंगाच्या त्या काळाचे वर्णन सर्वपरिचित आहे : कोलूला जुंपून दिवसाला ३० पौंड तेल काढावयाचे, काथ्या कुटावयाचा, चुकल्यास उभी हातकडी वा दंडाबेडी, आणि या सर्वांवर जेलर बारी याची सत्ता. १९१२ च्या एप्रिलमध्ये इंदुभूषण राय याने कोठडीत गळफास घेतला. त्याच वर्षी उल्लासकर दत्त यांची बुद्धी भ्रमिष्ट झाली. या वातावरणात ननीगोपालचा हट्ट सुरू होतो.

या प्रसंगाच्या वर्णनात एक क्रम आहे व तो मोठा बोलका आहे. मुलगा प्रथम काम नाकारतो. मग त्यास गोणपाटाचे कपडे देतात. तो ते अंगावरून काढून टाकतो. अधिकारी आला असता उठून उभे राहणे तो नाकारतो. शेवटी तो अन्न नाकारतो व त्याच्या नाकातून नळी घालून दूध ओतण्यात येते. काम, वस्त्र, अदब, अन्न : बंद्याला तुरुंगाशी बांधणारे एकेक सूत्र हा मुलगा क्रमाने तोडीत जातो. त्याच्यापाशी वक्तृत्व नाही, मागण्यांची यादी नाही. प्रौढ राजबंदी संप करतात तेव्हा ते वाटाघाटीही करीत असतात. अमुक मिळाल्यास काम करू, असा हिशेब त्यामागे असतो. ननीगोपालच्या नकारात हिशेब दिसत नाही. मुलाचा हट्ट व क्रांतिकारकाचा निश्चय यांच्या सीमारेषेवर तो उभा आहे, आणि त्याच्या कृतीला यांपैकी कोणते नाव द्यावे हे ठरविणे सोपे नाही.

सावरकरांच्या लेखनाचा मोठेपणा असा की, तेही हे घाईने ठरवीत नाहीत. त्यांना मुलाचा अभिमान वाटतो, आणि त्याच वेळी तो व्यर्थ मरेल ही भीतीही वाटते. अन्नत्याग करून प्राण देणे त्यांना तत्त्वतः मान्य नव्हते. शत्रूच्या कोठडीत उपाशी मरण्याने शत्रूचे काही बिघडत नाही. जगून कार्य करावे, हा त्यांचा पक्ष ग्रंथात वारंवार येतो. इतर बंद्यांशी बोलताना या युक्तिवादाने काम भागते. या मुलापुढे ते भागत नाही. युक्तिवाद करून पाहिला जातो व मुलगा ऐकत नाही. तेव्हा, जे साधन त्यांना अमान्य होते त्याच अन्नत्यागाचा आधार सावरकरांना घ्यावा लागतो, आणि तोही सरकारला नमविण्यासाठी नव्हे, तर एका मुलाने जेवावे म्हणून.

संपूर्ण ग्रंथात सावरकर आपल्या मताविरुद्ध वागताना फार थोड्या ठिकाणी दिसतात. त्यांचे निवेदन एरव्ही सिद्धान्ताकडून प्रसंगाकडे जाते : आधी तत्त्व, मग त्याचे उदाहरण. येथे प्रसंगाने तत्त्वावर मात केली आहे. म्हणूनच या पानांत त्यांची नेहमीची वक्तृत्वपूर्ण भाषाही काहीशी खाली उतरते, आणि वडीलधाऱ्याने घरातल्या रुसलेल्या पोराची समजूत घालावी तसा सूर त्यात येतो. मराठी वाचकाला हा सूर ओळखीचा आहे. घराघरांत जेवणाच्या ताटावर तो ऐकू येतो. फरक एवढाच की, येथे ताट सेल्युलर तुरुंगातील आहे व न जेवण्याचा अर्थ मरण आहे.

या प्रसंगाचा शेवट क्लार्कच्या कादंबरीशी ताडून पाहण्याजोगा आहे. कड्यावरून उडी घेणारी मुले वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणतात व कथेतून निघून जातात. ननीगोपाल अन्न घेतो. वाङ्मयीन दृष्ट्या हा शेवट कमी उत्कट वाटेल. हुतात्म्याची कथा येथे पूर्ण होत नाही. परंतु लेखकाने या अपूर्णतेबद्दल कोठेही हळहळ दाखविलेली नाही. उलट, मुलगा जगला हेच त्या प्रकरणाचे फलित म्हणून त्याने स्वीकारले आहे. ज्या ग्रंथाने हौतात्म्याचा गौरव पानोपानी केला, त्या ग्रंथाने एका मुलाच्या बाबतीत मात्र हौतात्म्यापेक्षा जेवण श्रेष्ठ मानले. ही विसंगती ग्रंथाचा दोष नव्हे. तेथेच तो सर्वांत अधिक खरा आहे.

त्याच काळातील संप व छळ यांची हकीकत बारींद्रकुमार घोष व उपेंद्रनाथ बंद्योपाध्याय या बंगाली राजबंद्यांनीही लिहिली. उपेंद्रनाथांचे ‘निर्वासितेर आत्मकथा’ (१९२१) तर विनोदासाठी प्रसिद्ध आहे. स्वतःच्या हालांकडेही ते तिरकस हसून पाहतात. सावरकरांजवळ हा विनोद फारसा नाही. परंतु विनोदी निवेदकाला जे साधत नाही ते येथे त्यांना साधले आहे. दुसऱ्याच्या, आणि विशेषतः लहानाच्या, हालांकडे हसून पाहता येत नाही. तेथे गांभीर्यच लागते, आणि ते सावरकरांपाशी भरपूर आहे.

४

आता दुसरे रूप. सेल्युलर तुरुंगात राजबंदी मूठभर होते. बहुसंख्य बंदी चोरी, दरोडा, खून अशा गुन्ह्यांचे होते व त्यांत विशीच्या आतबाहेरची मुलेही होती. ‘माझी जन्मठेप’मध्ये या मुलांचा उल्लेख मुख्यतः दोन संदर्भांत येतो. एक, साक्षरताप्रसाराचा : सावरकर व त्यांचे सहकारी बंद्यांना लिहावाचावयास शिकवीत. दुसरा, शुद्धीचा : मुसलमान वॉर्डर व पेटी ऑफिसर तरुण हिंदू बंद्यांना धाक वा आमिष दाखवून धर्मांतरास प्रवृत्त करतात, असे सांगून त्याविरुद्ध आपण चालविलेल्या चळवळीचे सविस्तर वर्णन सावरकरांनी केले आहे.

या वर्णनातील धार्मिक वादाची बाजू येथे अप्रस्तुत आहे. प्रश्न आहे तो त्यातील मुलाचा. कोवळ्या वयाच्या बंद्यावर तुरुंगात कोणती संकटे येत, हे सावरकर जाणून होते. कामाच्या वाटणीपासून शरीराच्या छळापर्यंत सर्व बाबतींत तो वॉर्डराच्या मर्जीवर असे. ज्याच्या हाती हलके काम देणे, तंबाखूचा तुकडा देणे वा चाबकाखाली देणे आहे, त्याच्यापुढे सोळा-सतरा वर्षांच्या एकट्या मुलाने काय करावे? या परिस्थितीची नोंद करणाऱ्या थोड्या मराठी पुस्तकांपैकी हे एक आहे, हे मान्य केले पाहिजे. १९१९-२० च्या तुरुंग-समितीने अंदमानच्या नैतिक परिस्थितीवर ठपका ठेवून बंदिवसाहत मोडण्याची शिफारस केली. त्या समितीच्या कोरड्या शब्दांमागील माणसे कोण होती, याची कल्पना या पानांवरून येते.

परंतु या पानांत मुलगा हा स्वतः कोणीच नाही. तो कोणत्या गावचा, कोणत्या गुन्ह्यासाठी आला, घरी कोण आहे, त्याला भीती कशाची वाटते, यांपैकी बहुधा काहीच कळत नाही. तो या बाजूच्या पंगतीत बसला की त्या बाजूच्या, एवढेच महत्त्वाचे ठरते. ज्याने त्याला एका बाजूस ओढले त्याचा हेतू कळतो. ज्यांनी त्याला परत आणले त्यांचा हेतू कळतो. मुलाचा हेतू मात्र कळत नाही. पंगत बदलताना त्याच्या मनात धर्माचा विचार होता की पोटाचा, की रात्रीच्या भीतीचा, हे विचारलेच जात नाही. ननीगोपाल जेवला की नाही हा प्रश्न लेखकाच्या काळजाला भिडला होता. हा मुलगा कोणाबरोबर जेवला हा प्रश्न त्याच्या सिद्धान्ताला भिडला आहे. अन्न दोन्हीकडे आहे, परंतु दृष्टी बदलली आहे.

येथे एक गोष्ट लेखकाच्या बाजूने सांगावयास हवी. ग्रंथ लिहिला गेला तेव्हा सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते व राजकारणात भाग घेण्यास त्यांना मनाई होती. सामाजिक व धार्मिक प्रश्नांवर लिहिणे तेवढे मोकळे होते. त्यामुळे अंदमानच्या आठवणींतील शुद्धीचा भाग विस्तारला असणे स्वाभाविक आहे. परंतु कारण कळले म्हणून परिणाम नाहीसा होत नाही. सामान्य गुन्हेगार मुलगा या ग्रंथात संख्येने अधिक असूनही व्यक्ती म्हणून नाही, हा त्याचा परिणाम होय.

पुढे १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘काळे पाणी’ या कादंबरीत सावरकरांनी हेच जग पुन्हा हाताळले. तेथे कोवळ्या वयाची व्यक्ती मध्यभागी आहे. पळवून नेलेली मालती ही तरुण मुलगी नाना आपत्तींतून अंदमानपर्यंत जाऊन पोचते. कादंबरीकार म्हणून सावरकरांना मनातील विचार सांगण्याची जी मोकळीक आत्मकथनात नव्हती, ती येथे होती. पण ती त्यांनी फारशी घेतलेली नाही. रफिउद्दीन हा खलपुरुष, त्याचे कपट, बंदिवसाहतीतील व्यवहार यांचे चित्रण जोमदार आहे. मालतीचे मन मात्र घटनांच्या वेगापुढे मागे पडते. तुरुंगातील अनुभवाचा जो ऐवज लेखकाजवळ होता त्याने कादंबरीची पार्श्वभूमी समृद्ध केली, परंतु तिच्या केंद्रस्थानी असलेल्या तरुण जीवाला आवाज दिला नाही. ननीगोपालच्या प्रकरणात आत्मकथनाने जे साधले ते कादंबरीस साधले नाही, हा निष्कर्ष काहीसा उलटा वाटला तरी टाळता येत नाही.

५

असे का व्हावे? ननीगोपालपुढे सिद्धान्त का वाकला व इतर मुलांपुढे का वाकला नाही? ननीगोपाल राजबंदी होता, आपल्या पक्षाचा होता, हे उत्तर सोपे आहे व ते अंशतः खरेही आहे. परंतु त्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट असावी, आणि ती लेखकाच्या जीवनक्रमाकडे पाहिले असता ध्यानात येते.

सावरकरांना झालेली दुसरी जन्मठेप ही नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधास साहाय्य केल्याबद्दलची होती. जॅक्सनवर २१ डिसेंबर १९०९ रोजी गोळी झाडणारा अनंत कान्हेरे हा १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेला, तेव्हा अठरा वर्षांचा होता. म्हणजे अंदमानातील पन्नास वर्षांपैकी पंचवीस वर्षे सावरकर एका अठरा वर्षांच्या मुलाच्या कृत्याशी कायद्याने जोडलेले होते. ज्या चळवळीने सोळा-अठरा वर्षांच्या मुलांच्या हाती बॉम्ब व पिस्तूल दिले, तिच्या वडीलधाऱ्यांनी या मुलांचे काय देणे लागावे, हा प्रश्न ‘माझी जन्मठेप’मध्ये उघडपणे कोठेही विचारलेला नाही. परंतु ननीगोपालच्या ताटापुढे बसलेला सावरकर हा त्या प्रश्नापुढे बसलेला आहे, असे वाचल्यास त्या पानांतील व्याकुळतेचा अर्थ लागतो.

या वाचनास एका दस्तऐवजाचा आधार आहे, आणि त्याचा धागा नागपूरपर्यंत येतो. १९१३ च्या अखेरीस हिंदुस्थान सरकारचे गृहसदस्य सर रेजिनाल्ड क्रॅडॉक यांनी अंदमानास भेट देऊन राजबंद्यांच्या मुलाखती घेतल्या. हेच क्रॅडॉक १९०७ ते १९१२ या काळात मध्यप्रांताचे चीफ कमिशनर म्हणून नागपुरास होते. आज धंतोली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीस एके काळी त्यांचेच नाव होते. त्यांच्याकडे सावरकरांनी १४ नोव्हेंबर १९१३ या तारखेचा अर्ज केला. रमेशचंद्र मजुमदार यांनी अंदमानच्या बंदिवसाहतीवरील आपल्या ग्रंथात (१९७५) तो छापल्यावर त्यावर राजकीय वाद पुष्कळ झाला. त्या वादात न शिरता अर्जातील दोन गोष्टी येथे पाहण्यासारख्या आहेत. पहिली : आपण सनदशीर मार्गाकडे वळल्यास, एके काळी आपल्याकडे मार्गदर्शक म्हणून पाहणारे भरकटलेले तरुणही परत वळतील, असे सावरकर तेथे सांगतात. दुसरी : सरकारला मायबापाच्या जागी कल्पून, घर सोडून गेलेल्या पुत्राने परत येण्याचा बायबलमधील दृष्टान्त ते योजतात.

अर्ज हा अर्जाच्याच रीतीने वाचावा लागतो. त्यातील प्रत्येक वाक्य मनोगत मानणे जसे चूक, तसे ते केवळ डावपेच मानणेही चूक. परंतु त्यातील नाती लक्षात घेण्याजोगी आहेत. ज्या तुरुंगात एका मुलाने जेवावे म्हणून सावरकर बापाच्या जागी बसले, त्याच तुरुंगातून सत्तेस लिहिताना ते स्वतः पुत्राच्या जागी उभे राहिले. मुलांची जबाबदारी आपल्यावर आहे ही जाणीव दोन्हीकडे आहे. ‘माझी जन्मठेप’ हा ग्रंथ या जाणिवेचा उच्चार करीत नाही, परंतु तिच्यापासून मुक्तही नाही.

१९१४ मध्ये मुदतीच्या शिक्षेचे राजबंदी हिंदुस्थानातील तुरुंगांत परत धाडण्यात आले. जन्मठेपीचे मागे राहिले. सावरकर बंधूंना १९२१ च्या मे महिन्यात अंदमानातून हलविण्यात आले. तथापि पोरसवदा बंद्यांची चलाने यानंतरही संपली नाहीत. चितगावच्या १९३० च्या शस्त्रागार-हल्ल्यात भाग घेणारा सुबोध राय त्या वेळी सुमारे चौदा वर्षांचा होता. १९३४ मध्ये त्यास अंदमानास पाठविले गेले. काळ्या पाण्याची शिक्षा ही संज्ञाच स्वतंत्र भारताच्या दंडसंहितेतून नाहीशी झाली ती १९५५ च्या दुरुस्तीने, १ जानेवारी १९५६ पासून.

६

सारांश, ‘माझी जन्मठेप’ हा मराठीतील अल्पवयीन बंद्याविषयीचा सर्वांत समृद्ध ग्रंथ आहे आणि तरीही अल्पवयीन बंदी त्यात स्वतः बोलत नाही. ननीगोपालचे उपोषण आपणांस सावरकरांच्या डोळ्यांनी दिसते. ते दिवस ननीगोपालला कसे दिसले हे या ग्रंथावरून सांगता येत नाही. ही उणीव एका लेखकाची म्हणून मोजणे अन्यायाचे होईल. जगभर हेच घडले आहे. पॉइंट प्यूअरच्या नोंदवहीने मुलाचे गोंदण टिपले, कादंबरीकाराने त्याचे मरण घेतले, राजद्रोह समितीने त्याचे वय लिहिले. यांपैकी कोणीही त्याला तुला काय हवे होते असे विचारले नाही. सावरकरांनी निदान एकदा, एका मुलाच्या बाबतीत, तो जगावा असे मनापासून इच्छिले व त्यासाठी स्वतःचे मत बाजूस ठेवले.

या ग्रंथाचा अभ्यास यापुढे करताना दोन गोष्टी कराव्यात असे यावरून सुचते. एक, त्यातील व्यक्तींची गणना करताना राजबंद्यांपाशी न थांबता निनावी मुलांचे उल्लेखही संकलित करावेत आणि प्रत्येक ठिकाणी ते मूल व्यक्ती म्हणून आले आहे की मुद्दा म्हणून, हे तपासावे. दोन, बंगाली आत्मकथने व तुरुंगाचे दप्तर यांच्याशी ही पाने ताडून पाहावीत; कारण आत्मकथनाला जे दिसले नाही ते कधी कधी दप्तराच्या एखाद्या रकान्यात उरलेले असते.

समीक्षेचे काम ग्रंथाचा गौरव वा धिक्कार करून संपत नाही. ग्रंथात कोणाला बोलू दिले व कोणाला दिले नाही, हे दाखविणे हेही तिचे काम आहे. ‘माझी जन्मठेप’च्या बाबतीत ते केल्याने लेखकाची थोरवी कमी होत नाही. मुलाने जेवावे म्हणून ज्याने आपला सिद्धान्त मोडला, त्या लेखकाच्या ग्रंथात इतर मुलांचीही ताटे शोधणे, हे त्याच्याच उत्तम पानांना धरून आहे.